तलावाच्या वाटेवरचं फाटक

आमच्या घरातून तलाव दिसत नाही. घर घेताना दलालाने मला गच्चीवर नेलं होतं आणि "हे पाहा सर, लेक व्ह्यू," म्हणत बोट दाखवलं होतं. बोटाच्या टोकाशी समोरच्या बंगल्याची काळी टाकी होती, आणि टाकी नि एका बाभळीच्या मधल्या फटीत चमचाभर पाणी चमकत होतं. मी त्या चमचाभर पाण्यावर भाळलो. पुढच्या पावसाळ्यात बाभूळ अंगाने भरली आणि तो चमचाही गेला. तरी गावाकडून, नरखेड तालुक्यातून, भाऊ-भावजय आले की मी त्यांना गच्चीवर नेऊन सांगत असे, "तिकडं मागं तलाव आहे." भावाचं आयुष्य संत्र्याच्या बागेत गेलेलं. तो डोळे बारीक करून पाहायचा आणि म्हणायचा, "असंन गा. तू म्हणतं तं असंन."

दिसत नसला तरी तलाव आमचाही होता, कारण त्याच्याकडे जायला गल्ली होती. सक्करदऱ्याच्या पुढे, शहर संपतं असं वाटून पुन्हा सुरू होतं, तिथे आमची वस्ती. तलावाच्या काठाला बंगल्यांची एक रांग आणि तिच्या पाठीमागे आमच्यासारख्यांची घरं. कोपऱ्यातल्या बंगल्याच्या भिंतीला लागून एक कच्ची गल्ली थेट पाण्यापर्यंत उतरायची. ऑटो जेमतेम जाईल एवढीच. सकाळी फिरणारे, गळ टाकून बसणारे, पोळ्याच्या आधी बैल धुवायला आणणारे, हरतालिकेची गौर घेऊन येणाऱ्या बाया, सगळे तिथूनच जायचे. तलावात शिंगाड्याचे वेल होते. ते शिंगाडे काढून विकणारी एक मावशी ओलं पोतं डोक्यावर घेऊन त्याच गल्लीने वर यायची आणि आमच्या चौकात दुकान मांडायची.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरीची सगळी वर्षं लोकांना "शू" म्हणण्यात गेली. निवृत्त झालो, साखर निघाली, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी पांढरे बूट घेतले, टोपी घेतली, आणि रोज सकाळी तलावावर जाऊ लागलो. चालणं थोडं व्हायचं. काठावरच्या एका दगडावर बसून, चालून आल्यासारखा दम खाणं जास्त व्हायचं. पण घरी परतताना छाती पुढे असायची.

एका उन्हाळ्यात आम्ही आठवडाभर गावी गेलो आणि परत आलो तर गल्लीच्या तोंडाला फाटक. लोखंडी, हिरवा रंग, वर भाल्यासारखी टोकं, आणि मुठीएवढं कुलूप. कोपऱ्यातल्या बंगल्याच्या मालकांनी ते लावलं होतं. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. वस्तीत त्यांना सगळे नुसतं "साहेब" म्हणायचे. त्यांचं म्हणणं, गल्ली त्यांच्या प्लॉटात येते. वस्तीचं म्हणणं, गल्ली पहिल्यापासून रस्ताच आहे. लोक दोन-तीन कचेऱ्यांत जाऊन आले. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पहिलीकडे. एक माणूस टेप घेऊन आला, गल्ली मोजली, चौकात चहा घेतला आणि गेला. गल्ली किती रुंद आहे ते त्याला कळलं असेल, आम्हाला काही कळलं नाही.

मग मारुतीच्या देवळापुढे सभा झाली. मी बायकोबरोबर सहज गेलो होतो. कोणीतरी म्हणालं, "सर शिकलेले आहेत, सर बोलतील." आणि माझ्या हातात माइक आला.

मला आजवर कोणी माइक दिला नव्हता. ज्या माणसाने जन्मभर इतरांचे आवाज बंद केले त्याच्या घशात किती आवाज साठतो, हे त्या संध्याकाळी मला कळलं. मी तलावावर बोललो, पाण्यावर बोललो, आमच्या गावच्या विहिरीवर बोललो, मधेच शिवाजी महाराजांवर गेलो आणि परत आलो. शेवटी हात वर करून ओरडलो, "हा तलाव कोणाच्या बापाचा नाही!" टाळ्या पडल्या. मला त्या इतक्या आवडल्या की मी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणालो. पुन्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा म्हणणार होतो, पण बायकोने मागून सदरा ओढला.

उद्या सकाळी सगळ्यांनी मिळून फाटक ओलांडायचं असं ठरलं. म्हणजे मीच ठरवलं. "पुढे मी असीन!" असंही मी म्हणालो. घरी येताना बायको एवढंच बोलली, "तुम्ही गच्चीच्या जिन्याले बी कठडा धरून चढता. गेटवर कसे चढसान?"

"लोक असतील बरोबर," मी म्हणालो.

लोक नव्हते. सकाळी मी पांढरे बूट घालून फाटकापाशी पोचलो तेव्हा तिथे शिंगाडेवाली मावशी तेवढी बसली होती. तीही आंदोलनासाठी आलेली नव्हती. तलावाच्या पलीकडच्या अंगाने लांबचा फेरा मारून आली होती आणि दम खात होती. मी दोघातिघांना फोन लावले. एक म्हणाला, "आलोच सर." दुसरा म्हणाला, "सर, तुम्ही सुरू तं करा." तिसऱ्याचा फोन लागलाच नाही.

मावशी म्हणाली, "एकलेच हायेत का जी?"

"येऊन राहिले सगळे," मी म्हणालो.

"मंग थांबा नं."

थांबायला हवं होतं. पण मावशी पाहत होती, दूध टाकणारा सायकल थांबवून पाहत होता, आणि आदल्या दिवशीच्या टाळ्या अजून कानात होत्या. मी आडव्या पट्टीवर पाय ठेवला. दुसऱ्या पट्टीवर ठेवला. एक पाय पलीकडेही टाकला. तिथवर सगळं ठीक झालं, आणि मग एक भाला माझ्या पायजम्यातून आरपार गेला. मला लागलं नाही. पण पायजमा असा अडकला की पुढे गेलो तर तो मागे राहणार आणि मागे आलो तर फाटणार. मी फाटकावर घोड्यावर बसावं तसा बसून राहिलो. घोडा हलत नव्हता.

"बाप्पा!" मावशी म्हणाली. "आता कायचं करता?"

"काही नाही. जरा बसलो."

बंगल्याचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. ते ओरडतील, फोन करतील, निदान काही लागेल असं बोलतील अशी मी तयारी केली. "कोणाच्या बापाचा नाही" हे वाक्य जिभेवर आणलं. साहेबांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं, आत गेले आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले.

"डावा पाय याच्यावर ठेवा," ते म्हणाले. "घाई करू नका. कापड मी सोडवतो."

त्यांनी माझा पायजमा इतक्या हलक्या हाताने सोडवला की मला भरून आलं. मी उतरलो. उतरलो तो फाटकाच्या आतल्या बाजूला, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"चहा घ्या," साहेब म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. घरी आणि चौकात माझ्या तोंडी "मले-तुले" असतं. साहेबांसारखा माणूस समोर आला की ते आपोआप "मला-तुला" होतं. त्या सकाळीही, फाटलेल्या पायजम्यानिशी, मी म्हणालो, "आपल्याला उगाच तसदी."

त्यांच्या व्हरांड्यात बसलो आणि मला पहिल्यांदा कळलं की लेक व्ह्यू कशाला म्हणतात. पाणी पायाशी आल्यासारखं. दोन बगळे. शिंगाड्याच्या पानांवर नाचत जाणारा एक पक्षी, ज्याचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि साहेबांना होतं. बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, चहाबरोबर शंकरपाळे ठेवले. मला साखर आहे हे मी सांगितलं नाही.

मग साहेब बोलू लागले. मी भांडायला आलेला माणूस, पण तोंडात शंकरपाळे असल्यामुळे ऐकणं भाग होतं. रोज संध्याकाळी गल्लीत मोटारसायकली लागतात. सीटवर केक ठेवून वाढदिवस होतात, फेस उडवतात, गाणी लावतात. सकाळी बाई अंगणात आल्या की बाटल्या वेचतात. साहेब एकदा बोलायला गेले तर पोरांनी त्यांच्याच हातात मोबाइल देऊन, "अंकल, एक फोटो काढून द्या," म्हटलं.

"काढला?" मी विचारलं.

"काढला," साहेब म्हणाले. "काय करणार?"

बाईंनी मला भिंत दाखवायला नेलं. गल्लीच्या बाजूने लोक भिंतीवर लघवी करायचे म्हणून साहेबांनी तिथे देवांच्या फरश्या बसवल्या होत्या. गणपती, साईबाबा, दुर्गा, एक मक्का, एक येशू, कोणी सुटू नये म्हणून. लघवी बंद झाली. पण पंधरवड्यात कोणीतरी तिथे उदबत्ती लावली. मग कोणीतरी नारळ फोडला. मग शनिवारी तेलाचे दिवे येऊ लागले आणि एक म्हातारा येऊन भजन म्हणू लागला.

"आधी रात्रीच वास यायचा," बाई म्हणाल्या. "आता दिवसाही धूर येतो."

मला हसू आलं आणि मी ते खोकल्यात घातलं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यांची बाजू पटली. आदल्या संध्याकाळी मला आमची बाजू जितकी पटली होती तितकीच. ज्याच्या घरी बसलो त्याची बाजू मला पटते, हा माझा जुना गुण आहे. लग्न ठरवतानाही मी दोन्हीकडच्या बैठकीत मान डोलावली होती.

निघताना साहेबांनी खिशातून एक चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "तुम्ही सभ्य माणूस आहात. तुमच्यापुरती असू द्या. सकाळी येत जा."

ही चावी मी परत करायला हवी होती, एवढं मलाही कळत होतं. पण मी मनाशी म्हटलं, बोलणी सुरू ठेवायची तर येणं-जाणं हवं. येणं-जाणं हवं तर चावी हवी. असा विचार करत मी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली.

फाटकाबाहेर मावशी अजून तिथेच होती. "काय झालं जी?"

"बोलणी सुरू झाली," मी म्हणालो.

ती बोलणी पावसाळाभर चालली. मी उजाडायच्या आत उठायचो, कोणी नाही असं बघून कुलूप काढायचो, आत शिरून परत लावायचो, आणि तलावाला एकटाच फेरी मारायचो. इतकी शांतता मी वाचनालयातसुद्धा कधी मिळवू शकलो नव्हतो. कधी साहेब यायचे. आम्ही दोघं हात पाठीमागे बांधून चालायचो आणि वस्तीतल्या लोकांना शिस्त कशी नाही यावर बोलायचो. मी, वस्तीतला. ते म्हणायचे, "तुमच्यासारखी माणसं असती तर फाटकाची गरजच नव्हती." मी विनयाने खाली पाहायचो आणि मनातल्या मनात कबूल करायचो.

लोक चौकात विचारायचे, "सर, आपल्या आंदोलनाचं काय?" मी आवाज खाली आणून सांगायचो, "नाजूक टप्पा आहे." हे वाक्य चांगलं चाललं. पोळ्याच्या वेळी मात्र पंचाईत झाली. बैल घेऊन आलेले लोक फाटकापाशी अडले, थोडा वेळ बोंबलले आणि पलीकडच्या लांबच्या चिखलवाटेने गेले. मी गच्चीवरून ते पाहिलं. खाली उतरून कुलूप काढावं असं मनात आलं. पण मग चावी कुठून आली हे सांगावं लागलं असतं. मी गच्चीवरच टोमॅटोच्या रोपांना पाणी घातलं. सकाळी घातलेलं होतं, तरी.

मावशी एकदा शिंगाडे तोलता तोलता म्हणाली, "तुमची बोलनी लय लांबली जी सर. माह्ये पाय गेले फेरा मारू मारू."

मी तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त शिंगाडे घेतले. घरी बायको म्हणाली, "एवढे शिंगाडे काहून? आपल्याकडं का एकादशी आहे का?"

बायकोला कळलं होतं की नाही हे मला आजवर नीट कळलेलं नाही. तिने एकदा माझे बूट उलटे करून पाहिले होते. "चौकात फिरता नं तुम्ही?"

"हो."

"चौक लय चिखलाचा झाला," ती म्हणाली आणि बूट उन्हात ठेवले.

मग हरतालिका आली. आमच्याकडे बाया त्या दिवशी वाळूची पिंड करतात, गौर मांडतात, पाण्याचा थेंब न घेता उपास करतात, रात्री जागतात आणि सकाळी ते सगळं तलावात सोडून मगच तोंडात काही घालतात. बायकोचा उपास होता. सकाळी तिची न्हाणीघरात गडबड चालली होती तेव्हा मी नेहमीसारखा सटकलो. बाया यंदा पलीकडच्या बाजूने जातील असं मी धरून चाललो होतो. त्यांनी माझा सल्ला घेतला नव्हता.

मी पाण्याच्या काठी, दगडावर बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचा आणि गाण्याचा आवाज आला. मग गाणं थांबलं आणि फाटक हलवल्याचा आवाज आला. मग पुष्कळ आवाज एकदम आले. त्यांत एक मी चांगला ओळखत होतो.

"आम्ही काही लांबून जाणार नाही! कालपासून पाण्याचा थेंब नाही पोटात! साहेबांले बोलवा!"

शहाण्या माणसाने उठून पुढे जावं. मी काठाच्या झुडपांत शिरलो. ती झुडपं आमच्याकडे प्रत्येक तलावाच्या कडेला असतात, गुलाबी फुलांची, उपटली तरी पुन्हा उगवणारी. त्यांचं नाव बेशरम. मी ठरवून तिथे गेलो नाही, पण दुसरं लपण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

माझी टोपी पांढरी होती.

"अवो, थे कोन हाय तिकडं?" मावशीचा आवाज. तीही बायांबरोबर आली होती. "बेशरमात कोनतरी बसलं हाय वं!"

"कोणी बाहेरवाला असंन," दुसरी म्हणाली. "दगड मारा."

दगड म्हटल्यावर मी उभा राहिलो. फाटकाच्या गजांमागे पंधरा-वीस बाया होत्या. कोणाच्या हातात ताट, कोणाच्या डोक्यावर टोपली, आणि सगळ्यांच्या पुढे हिरव्या लुगड्यात माझी बायको. ज्याला दीर्घायुष्य मिळावं म्हणून ती कालपासून उपाशी होती तो नवरा कुलपाच्या आतल्या बाजूला गुडघाभर बेशरमात उभा होता.

मला वाटतं तिथून मी फाटकापर्यंत चाललो ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब चालणं. डॉक्टर खूश झाले असते.

"तुम्ही आत कसे?" बायकोने विचारलं.

"बोलणी..." मी म्हणालो.

"कोणाशी? बगळ्याशी?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. बायको हसली नाही. तिने हात पुढे केला नाही, ओरडली नाही. नुसती म्हणाली, "उघडा." मी आतल्या खिशातून चावी काढली. ती सगळ्यांनी पाहिली. मावशीने तर मान पुढे करून पाहिली. कुलूप लवकर उघडेना. "उलटी घातली जी," मावशी म्हणाली. खरंच उलटी घातली होती.

फाटक उघडलं तेवढ्यात साहेब आले. बनियन, खांद्यावर टॉवेल, चेहरा लाल. "हे काय चाललंय? तुम्ही उघडलं?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बायकोच्या डोळ्यांतही होतं. दोन्ही बाजूंनी एकाच नजरेने पाहावं अशी वेळ माझ्यावर आली होती. मी कोणाच्याच नजरेला नजर देऊ शकलो नाही म्हणून फाटकाकडे पाहिलं.

"साहेब," बायको म्हणाली, "आम्ही पार्टी कराले नाही आलो. गौर सोडतो नं जातो."

"आज गौर, उद्या गणपती, परवा आणखी काही. फुलं कुजतात, प्लास्टिक तरंगतं, ते काढतं कोण? आम्ही! ही काय तुमच्या..." साहेब इथे अडले. बापाचा उल्लेख त्यांच्या जिभेवर आला असावा, आणि ते सभ्य होते.

मग त्यांच्या मागून बाई आल्या. नेसूचं रेशमी, हातात ताट, ताटात वाळूची पिंड, फुलं, पत्री. त्यांचाही उपास होता. ओठ सुकले होते. त्या साहेबांच्या बाजूने पुढे आल्या आणि बायकोसमोर उभ्या राहिल्या.

"मी दरवर्षी मागच्या दाराने एकटीच जाते," त्या म्हणाल्या. "गाणं म्हणायला कोणी नसतं. मला येऊ द्याल तुमच्यात?"

"अवो या नं!" बायको म्हणाली आणि बाजूला सरकून जागा केली.

"अगं, तू..." साहेब म्हणाले.

"तुम्ही टॉवेल घेऊन आत जा आधी," बाई म्हणाल्या. "बाया आहेत इथे."

साहेब आत गेले. आम्ही दोघंही तेव्हा इतके सारखे दिसत असू की मला त्यांच्या मागोमाग जावंसं वाटलं. बाया गाणं म्हणत पाण्यापर्यंत उतरल्या. पिंडी पाण्यात सोडल्या. फुलं मात्र कोणीतरी एका टोपलीत गोळा केली, बाईंनीच तसं सुचवलं होतं. परत येताना फाटकापाशी थांबून त्यांनी सगळं ठरवून टाकलं. आम्ही दोन-तीन कचेऱ्या आणि एक सभा घालवून जे ठरवू शकलो नव्हतो ते त्यांनी उपाशी पोटी, उभ्या उभ्या ठरवलं. उजाडताच फाटक उघडायचं, दिवेलागणीला लावायचं. गाडी आत न्यायची नाही. फुलांसाठी कडेला पिंप ठेवायचं, ते बाईंनी आणि वस्तीतल्या बायांनी पाळीने रिकामं करायचं. साहेब सदरा घालून बाहेर आले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. "रोज उघडणार कोण? मी नाही उघडणार," एवढंच ते म्हणाले.

सगळ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

"ह्यांच्याकडं चावी हायेच," बायको म्हणाली. "अन् पहाटे उठायची सवय बी झाली ह्यांले."

आता हसू सगळ्यांनाच फुटलं. बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. घरी गेल्यावर बायकोने उपास सोडला, मला चहा दिला आणि दोन दिवस त्यापलीकडे काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले सांगितलं असतं तं मी बी आली असती तुमच्यासंगं फिराले." भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी फाटकवाला आहे. गल्ली नेमकी कोणाची हे अजून कोणत्याच कचेरीने सांगितलेलं नाही. थंडीत अंथरुणातून उठवत नाही, पण फाटकापाशी मफलरवाले फिरणारे आधीच उभे असतात आणि घड्याळ दाखवतात. "सर, आज उशीर." आधी मला नमस्कार करायचे ते लोक. संध्याकाळी कुलूप लावायला गेलो की कोणीतरी काठावर बसलेलंच असतं, "पाच मिनिटं काका," आणि तेवढ्यात वरून गॅलरीतून साहेबांचा आवाज येतो, "अंधार झाला!" साहेबांना मी वस्तीचा माणूस वाटतो आणि वस्तीला साहेबांचा. शंकरपाळे बंद झाले आहेत. ते एका अर्थी साखरेला चांगलंच.

मध्ये एका संध्याकाळी पोरांनी परत मोटारसायकल आत घातली आणि सीटवर केक ठेवला. मी ताडताड गेलो. मनात भाषण तयार होतं. मी तोंड उघडायच्या आत एकाने माझ्या हातात प्लास्टिकची सुरी दिली. "काका, तुम्हीच कापा, आशीर्वाद द्या." ज्याचा वाढदिवस होता तो वाकून पाया पडला. पाया पडलेल्या माणसावर ओरडायचं कसं? मी केक कापला. कोणीतरी डोक्यावर फेस उडवला. मी मान वर केली तेव्हा साहेब गॅलरीत उभे होते. त्यांनी आत जाऊन पडदा ओढला. पोरांनी जाताना गाडी ढकलत बाहेर नेली आणि खोका, थर्माकोलच्या ताटल्या वगैरे सगळं उचललं, हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो. त्यांनी दारातच ऐकून घेतलं. "तुमच्या मिशीला अजून लागलंय," ते म्हणाले.

मावशी आता थेट गल्लीने येते. पोतं माझ्याच फाटकाला टेकवून दम खाते. मी शिंगाडे मागितले तर ती निवडून देते, पण भाव कमी करत नाही.

आणि बायको रोज तलावावर येते. माझ्याबरोबर नाही, बाईंबरोबर. मी फाटक उघडून बाजूला झालो की त्या दोघी आत जातात, एक पदर खोचून, एक कानटोपी घालून, आणि तलावाला दोन-दोन फेऱ्या मारतात. बाई आता बायकोला आमच्या बोलीतलं "वं" म्हणायला लागल्या आहेत, आणि बायको कधीमधी "मला" म्हणते. कशावर बोलतात ठाऊक नाही. हातवाऱ्यांवरून वाटतं की नवऱ्यांवर. मी दगडावर बसलेला असतो. त्या जवळून जाताना गप्प होतात, पुढे गेल्या की हसतात, आणि मी टोपी सारखी करून पाण्याकडे पाहतो.